प्राप्तिस्थान: मिठी

कुर्ल्याच्या पुलाखाली गाळ उपसताना
पोकलेनच्या दातांत अडकून ती वर आली.
नोंदवहीत मी लिहिलं:
स्त्रीमूर्ती, काळा पाषाण, दीड हात उंच,
गुडघ्यांखाली भग्न.
प्राप्तिस्थान: मिठी.
आणि माझं मलाच हसू आलं.

दात घासायच्या ब्रशनं आठवडाभर
पाठीवरचं डांबर काढत होते,
तेव्हा निघाली ती चार बोटं.
तिची नव्हेत.
तिचे हात कोपरापासूनच गेलेले.
समोर जो कोणी होता
तो सरळ तड्यानं सुटून गेला, अख्खा,
बोटं तेवढी मागं विसरून.

रकाना अकरा: विषय आणि प्रतीकार्थ.
देवस्थळी सर म्हणाले, लिहा, जीव आणि शिव,
द्वैताचा लय.
लिहिलं. पेन्सिलीनं.

शाळेत मिठी म्हटलं की
आम्हाला आधी चिलखत आठवायचं.
शास्त्रात तर प्रकारच मोजून ठेवलेत:
झाडाला वेल, तांदळात तीळ, पाण्यात दूध.
दगडाला दगड, असा कुठंच नाही.

भिंग लावलं तेव्हा दिसलं,
बोटांखाली पाठ किंचित दबलीय.
करंगळीपाशी सगळ्यांत जास्त.
कुणा पाथरवटाला ठाऊक होतं,
नुसता हात ठेवणं वेगळं
आणि धरणं वेगळं.
कुणी शिकवलं असेल त्याला?
घरी जाऊन बघितलं असेल?

दालनात हलवायच्या दिवशी
ट्रॉलीचं चाक निखळलं.
पास्कू घोन्साल्विस आला, उत्तनचा,
निवृत्तीला दोन महिने उरलेले.
पट्टा आणू का, विचारलं.
म्हणाला, पट्टा नको बाय,
बेचाळीस किलो लांब धरले तर कंबर जाते.
दगड अंगाला लावूनच उचलायचा.

आणि त्यानं तिला छातीशी घेतलं.
बरोब्बर त्या तड्याच्या जागी उभा राहून.
डावा तळवा तिच्या पाठीवर गेला,
चारही बोटं झाकली गेली.
'जपून' म्हणायला मी तोंड उघडलं
आणि तसंच मिटलं.

चौदा पायऱ्या. मध्ये एकदा थांबला,
श्वास घेतला, दोघांचा असावा तसा.
चौथऱ्यावर ठेवल्यावरही
हात लगेच काढले नाहीत.
डगमगते का बघत होतो, म्हणाला.

मग खाली मान घालून शर्ट बघितला.
तिसऱ्या बटणापाशी
तिच्या गालाचा काळा डाग, डांबराचा,
घासला तसा पसरत गेला.

आता मार्थाला काय सांगू, म्हणाला,
आणि हसत हसत
ट्रॉलीचं चाक शोधायला गेला.