वादी

हे पडले ते अनंत चतुर्दशीच्या झांकीवरून.
ट्रकवर बारा फुटांची पूतना,
तिचा जांभळा घागरा यांनीच शिवलेला.
कमरेला उसवला म्हणून टाके घालायला चढले,
ओठांत सुई,
आणि खालून कुणीतरी मोटर चालू केली.

पूतनेचा हात बरोबर वर गेला.

सहा वर्षं मग कमरेखाली काही नाही.
म्हणजे पाय होते. मी धुवत होते, पुसत होते,
थंडीत मोजे घालत होते.

रामबागेतलं दुकान मी चालवलं,
ब्लाउज, फॉल, शाळेचे युनिफॉर्म.
पायमशीन झेपेना, गुडघे माझेही दुखतात,
म्हणून मालवा मिलवरून नऊशेची मोटर आणली,
चामड्याची वादी काढून खुंटीला टांगली.
हे ऐकत पडून असायचे. म्हणाले,
टाका सरळ येतोय, पण आवाज परका आहे.

आता मोटर यांच्याच पाठीत.
डॉक्टर बाकलीवाल हसले, मोटर नाही हो काकू,
वीज पाय उचलत नाही.
दोन-चार धागे शाबूत आहेत, वीज त्यांना जागं ठेवते.
हुकूम यांनीच सोडायचा.

साडेचारवर ठेवून निकिता म्हणाली, अंकल, अंगठा.
काही नाही.
अंकल, अंगठा.
बादलीत एसीचं पाणी गळत होतं, मी थेंब मोजत बसले.
अकराव्याला निकिता ओरडली.

डावा. मटारच्या दाण्याएवढा.
पुन्हा सांगितल्यावर पुन्हा.
बटण बंद केलं, मग कितीही सांगा.
हे अंगठ्याकडे बघत होते,
गिऱ्हाईक आपलंच माप ऐकून बघतं तसे.

काल, चार महिन्यांनी, घरी म्हणाले,
खुर्ची मशीनपाशी घे.
पावलं मीच पायट्यावर ठेवली, बटण मीच दाबलं.
पायटा खाली गेला. अडला.
बराच वेळ अडला.
मग टाच दबली आणि वर आला.
खालचं चाक अर्धं फिरलं, पुढे पूर्ण.
वरचं जागच्या जागी. मधे वादी नव्हती.

यांना ते माहीत नव्हतं असं थोडंच आहे.
चालवत राहिले,
घामाने बनियन पाठीला चिकटलं तरी,
सुईखाली कापड नाही, सुई हलत नाही.

खुंटीवरची वादी वाळून कडक झाली आहे.
रात्री तेलात ठेवली.
नाहीच वळली तर दोन बोटं कापीन,
नवी पिन घालीन.