छप्पर नसलेली गुहा

खोदायचं होतं चार मीटर.
दीड मीटरवरच बुलडोझरचं पातं घसरलं
आणि करड्या चुनखडीच्या मधोमध
लाल मातीचा पट्टा उघडा पडला,
पाव कापल्यावर आतून भलतंच काही निघावं तसा.
शेजारी पांढरा, चकाकणारा एक बुंधा
उन्हात उभा.

इंजिनियर म्हणाला, काँक्रीट ओता, पुढे चला.
क्रासच्या पठारावर ही रोजची कटकट:
कुठं पाणी मुरतंय, कुणालाच कळत नाही.
इथे पाऊस पडतो,
पण ओढा होत नाही.

येर्नेयाला दोन दिवस मिळाले.
तिच्याजवळ एक कुंचा, होकायंत्र
आणि साखरेच्या चौकोनी खड्यांएवढ्या
प्लॅस्टिकच्या सत्तर डब्या.
एकेक डबी मातीत दाबायची,
वर बाण काढायचा.
मी इंजिन बंद करून पायरीवर बसलो.
विचारलं, ही माती काय देणार तुला?
ती म्हणाली, उत्तर.

पूर ओसरताना
गढूळ पाण्यात लोखंडाचे कण तरंगत होते.
तळाशी बसताना प्रत्येकाने
त्या दिवशीच्या उत्तरेकडे तोंड केलं,
आणि बसले ते बसले.
द्राक्षं उतरायच्या सुमारास तिचा फोन आला:
वरचे थर आल्प्सकडे बघतायत,
खालचे सगळे समुद्राकडे.
म्हणजे तेव्हा होकायंत्र असतं
तर त्यानेही दक्षिणेलाच उत्तर म्हटलं असतं.
पावणेआठ लाख वर्षं, निदान,
ती म्हणाली, एखाद्या बाईचं वय सांगावं
तशा हलक्या आवाजात.

पण हे नंतरचं. त्या दिवशी
मातीतून पिवळे गोटे निघत होते,
वालुकाश्माचे, तळहातावर गुळगुळीत.
इथले नव्हेत हे. दोन डोंगरांपलीकडून
नदीने आणले,
आणि नदी खालच्या मजल्यावर राहायला गेली,
मग त्याच्याही खालच्या.
आता ती तीनशे मीटर खाली वाहते म्हणे.
आम्ही तिला कधी ऐकलेलं नाही.

थेंबे थेंबे तळे साचे. साचत असेल.
इथे थेंबाथेंबाने खांब साचला,
आणि त्याच पावसाने
वरून छप्पर नेलं, हजार वर्षांत तीन बोटं.
कोसळलं नाही. झिजलं.
कधीतरी एका सकाळी
गुहेत पहिल्यांदा ऊन आलं असणार.
वटवाघळं तेवढी वैतागली असतील.

मिलोयका हाताची घडी घालून बघत होती.
मळा तिचा होता, आता रस्त्याचा.
म्हणाली, असले दगड माझ्या नवऱ्याने
जन्मभर फोडले, कुंपणाच्या भिंतीत घातले.
एक तर माझ्या पिंपावर आहे,
आंबवलेल्या सलगमावर वजन म्हणून.

येर्नेया तळघरात गुडघ्यावर बसली.
बॅटरीच्या उजेडात दगडाची कड:
फिकट वलय, गडद वलय, फिकट,
आणि मध्ये एक मातकट रेघ,
नखाएवढीही जाड नाही.
इथे वाढ थांबली होती, ती म्हणाली.
कोरडी थंडी. वर झाडं नाहीत.
दगडाला पाझर फुटत नाही म्हणतात,
हा तर अख्खा पाझरच होता गोठलेला,
आणि ती रेघ म्हणजे
पाझर आटल्याची हजारो वर्षं.

कापून नेऊ का?
मिलोयका बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, अर्धा ने.
अर्ध्याने भागेल माझं, आता एकटीलाच
किती सलगम लागतात?

तिसऱ्या दिवशी काँक्रीट आलं.
मीच ओतलं. पगार त्याचाच होता.
आता कोपरला जाताना तिथून
ऐंशीच्या वेगाने जातो,
कळतही नाही कुठे होतं.

एक पिवळा गोटा मात्र खिशात टाकला होता.
काचेपाशी ठेवलाय.
वळण आलं की घरंगळतो,
कडेला अडतो,
पुढच्या वळणाला परत सुटतो.