पान एकशे तेरा ते एकशे चाळीस

कादंबरी परत आली
तेव्हा मधली अठ्ठावीस पानं पिनांनी बंद.
वर सात, खाली सात, कडेला अकरा.
विड्यांचं बंडल बांधावं तसं नेटकं काम.

नियमानं वीस रुपये दंड.
अंबूबाई येमूल यांनी तो आधीच मुठीत धरून आणलेला.
"मास्क आला की मी थांबते बगा.
पुढं चांगलं आहे की पुस्तक, शेवटी लग्न आहे.
माझ्यामागं जो नेईल
त्याला तरी कशाला तरास?"

अशोक चौकाच्या मागं आमचं वाचनालय,
एक खोली, दोन पंखे, त्यातला एक फिरतो.
भिंतीपलीकडं यंत्रमाग.
ते थांबले होते त्या वर्षी,
आणि मला पहिल्यांदा कळलं
की एरवी ही भिंत हलत असते.

यासीन बागवानानं पिना नखानं उचकटल्या,
पंचवीसच्या पंचवीस काडेपेटीत घालून आणून दिल्या.
"यातच तर आहे सगळं, मॅडम."
समासात त्याची पेन्सिल:
द्राक्षं सोड्याच्या पाण्यात धुवून मागत होते लोक.
पैसे पण. ते राहिलं.

बिराजदार सर चिडले.
"ह्या पुस्तकात ज्याला त्याला गॅलरी आहे.
गॅलरीत उभं राहून एकटं वाटतंय म्हणे!
विडी घरकुलात या म्हणावं,
आठ माणसं एका खोलीत.
एकटं वाटायला जागा लागते."
तरी दोनदा नेलं त्यांनी ते,
दुसऱ्यांदा नेताना नाव नोंदवू नका म्हणाले.

श्रावणी चिप्पा तेव्हा सातवीत होती.
काउंटरवर कोपर टेकून, हळूच:
"मला ते दिवस आवडले होते.
कारखाना बंद, आई घरी, तिचे हात रिकामे.
घरातला तंबाखूचा वास गेला होता.
आम्ही दुपारी झोपायचो चक्क.
रेशनचे तांदूळ संपत आले होते, ते मला माहीत नव्हतं.
हे असं कुणी लिहिलंय का?
लिहिलं तर वाईट दिसेल का?"

मी म्हटलं, कार्ड भर.

माझ्याकडं एक वेगळं पुस्तक आहे.
रहस्यकथा, पाठीवर चिकटपट्टी.
मागच्या तारखांच्या कागदावर
सतरा मार्चचा शिक्का,
त्याखाली कोरी जागा, मग एकदम डिसेंबर.
गज्जम जॉबर घेऊन गेले होते.
परत द्यायला मुलगा आला.
एकसष्टाव्या पानात खुणेला विजेचं बिल.
दंड किती झाला, त्यानंही विचारलं नाही
नि मीही सांगितला नाही.
खुनी कोण ते मला माहीत आहे.
त्यांना नाही.
ते पुस्तक मी कपाटातून बाहेर काढत नाही,
आणि कुणी मागितलं की म्हणते, बाहेर गेलंय.

तर लोक विचारतात, तुमचं मत काय?
पिना की पिनांशिवाय?

काल दुपारी लाइट गेली,
माग गप्प झाले, भिंत थांबली.
उकाड्यात बसून मी नुसती जोड तपासली.
एकशे बाराव्या पानाची शेवटची ओळ:
तिनं दाराला आतून कडी लावली आणि
एकशे एक्केचाळिसाव्याची पहिली:
चहा टाकला.

वाक्य जुळतं.
मध्ये काही झालं होतं, असा संशयही येत नाही.
फक्त एकशे बाराव्यावर घरात तिघं आहेत
आणि इकडं ती फडताळातून
दोनच कप काढते.

अंबूबाईंनी ते वाचलं असणार.
रोज हजार विड्या वळून
अंधारातसुद्धा बिनचूक मोजणारी बाई ती.