तांडापेठ, दुपारी साडेबारा

गच्चीवर पाय ठेवला की चप्पल चिकटते.
पाणी मारलेली फरशी दोन मिनिटांत ठाक कोरडी.
तारेवर साडी टाकली, चार चिमटे लावले.
वारा नाहीच, त्यामुळे ती
शाळेच्या ग्रुप फोटोतल्या पोरीसारखी
श्वास रोखून सरळ उभी राहिली.

अमरावतीच्या गिऱ्हाइकाला खरा रंग पाहिजे.
काल ट्यूबलाइटखाली काढून पाठवली तर म्हणाली,
ताई, ही विटकरी की डाळिंबी?
उन्हात काढा. उन्हात काही लपत नाही.

तर हे ऊन. पंचेचाळीस पॉइंट दोन.
आणि हे दोन फोन.
एक माझा, कोपऱ्यात तडकलेला,
कणकेच्या हाताने पाच वर्षं उचललेला.
एक माझ्या भाच्याचा, क्षितिजचा,
अजून नऊ हप्ते बाकी असलेला,
पाठीवर तीन डोळे
आणि तिन्हींचं वर्णन पोराला तोंडपाठ.

स्क्रीनवर काही दिसेना.
मग एकाच दुपट्ट्यात दोघांनी डोकी घातली,
सर्दीत वाफ घेतात तशी.

माझ्या फोटोत आभाळ पांढरं.
नुसतं पांढरं, घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखं.
काठाची जर विरघळलेली,
पदरावरचे बुट्टे उजेडाने अर्धे खाल्लेले.

त्याच्या फोटोत आभाळ निळं.
जर तार-तार मोजून घ्यावी अशी.
शिवाय टाकीखालची सावलीसुद्धा उघडून दाखवलेली,
आणि तिच्यात झोपलेलं एक मांजर,
जे मला माझ्या डोळ्यांनी दिसलं नव्हतं.

"पाय ना आत्या, तुझा फोन पार भैताड झाला."

मी दुपट्टा बाजूला केला, मान वर केली.
मे महिन्यात, भर बारा वाजता, नागपुरात
निळं आभाळ कोणी पाहिलंय बाप्पा?
वर पांढरंच होतं. डोळ्यांत पाणी आणणारं.
म्हणजे माझा भैताड फोन
आभाळाबद्दल खरं बोलत होता,
मांजर मात्र त्याने गिळलं होतं.
साडीचं विचाराल तर दोघेही
ऐन तारखेला फुटलेले साक्षीदार.
एक म्हणतो गाजर, दुसरा म्हणतो जांभूळ.

खाली जिन्यात तुकडोबाकाका बसले होते.
चाळीस वर्षं सूत रंगवलं त्यांनी,
नखांच्या मुळाशी अजून कुठला तरी हिरवा आहे.
डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू फाल्गुनात काढला,
उजवा दिवाळीनंतर.

साडी त्यांच्या मांडीवर टाकली.
त्यांनी उजवा डोळा झाकला. मग डावा.
मग पुन्हा उजवा.
"यानं पाह्यलं तं इच्यात निळं घुसते.
त्यानं पाह्यलं तं हळद.
तुमच्यापाशी दोन फोन हायेत म्हणता,
माह्या तं तोंडावरच दोन हायेत,
सकाळपासून भांडून राह्यले."

मग दोन्ही डोळे मिटून
अंगठ्याने काठ चाचपत राहिले कितीतरी वेळ.
आम्हाला वाटलं, आता रंगाचं नाव सांगतील.
म्हणाले, "चहा मांडला का कोनं?"

तोवर क्षितिजच्या फोनवर पाटी आली:
तापमान जास्त, कॅमेरा बंद.
त्याला माठाच्या झाकणावर निजवला,
पोर बाजूला बसून पंखा घालत होतं.
माझा चालू होता. त्याला काय,
त्याला आधीपासूनच कमी कळतं.

शेवटी दोन्ही फोटो पाठवले.
खाली लिहिलं:
रंग या दोघांच्या मधे कुठेतरी आहे.
नाही पटला तर परत घेईन.

दोन निळ्या खुणा. मग बराच वेळ काहीच नाही.
मग उत्तर:
साडी बाजूला ठेवा ताई, रविवारी येतेच आहे.
मांजर तुमचं का?

मी पुन्हा गच्चीवर गेले, अनवाणीच, उड्या मारत.
टाकीपाशी वाकले,
कपाळावर हाताची झडप धरली
आणि सावली डोळ्यांत उतरेपर्यंत थांबले.

होतं.
एक डोळा उघडून माझ्याकडे पाहत होतं.