शेवटच्या अक्षराची सावली

गांधीबागेतून आणला केशरी दोरा,
एक कोन मरून.
जाड पिशवी ताणली फ्रेममध्ये, मागे कागद लावून,
नाहीतर एवढं ठळक अक्षर
कापड गोळा करतं मुठीसारखं.

‘थंडा सोडा’.
नत्थूजी पेंटरने इतवारीत कधीकाळी रंगवलेली पाटी.
फोटोवरून उतरवली मी:
‘ड’चं सुटलेलं पोट तसंच,
शिरोरेषा बोटभर जाड,
अक्षराअक्षराला उजवीकडे मरून सावली.
शेवटच्या ‘डा’लाच नव्हती.
ती मी दिली.

धरमपेठेतल्या पोरींच्या सहा पिशव्या.
सातवी नेली त्यांच्याकडे.
कूलरसमोर बसले होते, बनियनवर.
टाक्यांवरून अंगठा फिरवला,
‘वा! आता पाटी धुवाले टाकता येते.’
मग शेवटी थांबला अंगठा.
‘हे माहं नाही, पोरी.
रंग सरला होता तिथं.
मालक म्हने, राहू दे नत्थू,
ऊन त पडतेच.’

रात्री फाइल उघडली,
चारशे टाके पुसले.
सहाच्या सहा पुन्हा काढल्या.

नेताना एकीने विचारलंच,
इथे राहिलं का काही?

म्हटलं, बाहेर नेऊन पाह्य.