शून्य लांबीची फांदी

बावीस वर्षं एउलालिया बारिया झाडं मोजत होती.
पानं नसलेली, माती न लागलेली झाडं:
ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा,
कुठूनही कुठे जायला एकच वाट.
वाल्दिव्हियात तिच्या फळ्यापर्यंत
नदीकाठच्या समुद्रसिंहांचं भुंकणं येई,
ती खिडकी लावून घेई.

एक अनुमान होतं. बाविसातली चौदा वर्षं त्याचीच.
मार्चमधल्या एका मंगळवारी
क्राकोतल्या कुणा पोरानं ते सव्वा पानात मोडलं.
एकच प्रतिउदाहरण, एकोणीस ठिपक्यांचं.
तिनं तपासलं. बरोबर होतं.
त्याला लिहिलं: सुंदर आहे.
मग हात धुतले,
खडू लागलेला नसताना.

खालच्या मजल्यावर बटाट्याची माणसं बसत.
"तुम्हाला झाडं येतात ना?" नेल्सन ओयार्सोनं विचारलं,
वय एकतीस, प्रयोगशाळेचा प्रमुख.
"आम्हाला हवी आहेत."

पहिले दोन महिने तिला ओ की ठो कळलं नाही.
बटाट्यात प्रत्येक अक्षर चार वेळा;
चारातलं एक वेगळं दिसलं तर
तो वंश, की यंत्राची डुलकी?
शहाऐंशी टक्के, नेल्सन म्हणाला, खूश होऊन.
शहाऐंशी टक्के काय?
तिच्या मुलखात गोष्ट सिद्ध असे, नाहीतर नसे.
एकावन्नाव्या वर्षी पिपेट धरताना
अंगठा थरथरला, महागाचा थेंब
टेबलावर पडून राहिला.
कोणी काही बोललं नाही.
ते जास्त लागलं.

रात्री ती जुन्या सवयीनं वही उघडी.
पक्ष: एकशे चाळीस बटाटे, चिलोए बेटावरचे.
साध्य:
आणि पेन तिथेच अडे.

ऑगस्टात झाड पडद्यावर आलं.
एका टोकाला शेजारी शेजारी
क्रमांक सदतीस, काळाकुट्ट, वेडावाकडा,
आणि क्रमांक नव्वद, गुलाबी, गुळगुळीत.
मधल्या फांदीची लांबी शून्य.
चिठ्ठ्या बदलल्या असणार. पुन्हा केलं. शून्य.
तिसऱ्यांदा स्वतःच्या हातानं, एक थेंब न सांडता.
शून्य.

बस, मग फेरीबोट, मग आणखी एक बस.
सुनिल्दा चिग्वाय चुलीत लाकूड सारत होती.
एउलालियानं दोन बटाटे पुढे ठेवले,
एक ह्याच घरचा, दुसरा खाडीपलीकडचा.
"ह्यांचं एकमेकांशी काय नातं?"

म्हातारीनं चष्मासुद्धा शोधला नाही.
"साठ साली लाट आली ना,
आमचं बियाणं खारट करून गेली.
काकानं होडीतून एक पोतं आणलं, सगळं काळं.
पुढच्या वर्षी एका रोपाखाली
सात काळे, एक गुलाबी.
शेजारी म्हणाले, टाका, अशुभ.
आई म्हणाली, राहू दे.
थोरलीनं तो सासरी नेला, रुमालात बांधून.
तुला एवढ्यासाठी यंत्र लागलं?"

एउलालिया हसली, मग तिला हसू आवरेना.
थोरली कुठे असते, तिनं विचारलं.
म्हातारीनं चुलीचं दार लावलं.
"बटाटा आहे अजून," म्हणाली.

परतीच्या फेरीबोटीत वारा वहीची पानं उलटत होता.
साध्याची जागा तशीच कोरी.
पक्षाखाली तिनं एक ओळ वाढवली:
रुमाल.

निघताना सुनिल्दानं दोन्ही उकडून दिले होते, मिठाच्या पुडीसकट.
तिनं आधी काळा खाल्ला, मग गुलाबी.
चव वेगळी होती.
नक्की वेगळी होती.
हे कुठल्या रकान्यात भरायचं,
नेल्सनला विचारायला हवं.