डोळे शेवटी

लक्ष्मीपुरीत जिन्याखाली माझं दुकान.
टेबल, प्रिंटर आणि गिऱ्हाइकाची खुर्ची,
जिचा एक पाय छापून न नेलेल्या
लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर टेकवलाय.

निगवेकर आले ते पिशवी पोटाशी धरून.
शाहूपुरीतली कुंभार गल्ली, एकोणीसचा महापूर.
हयातभर लिहिलेली वही पाण्यात गेली,
शिवण सुटली,
मग लेकीनं, वैजयंतानं, एकेक पान
चिमटा लावून दोरीवर टाकलं
आणि जे आधी वाळलं ते आधी गोळा केलं.
नंबर? नंबर घालतंय कोण.
वहीला ठाऊक असतं आपलं कुठलं पान कुठं.

मी आलं तसं टाइप केलं.
महिन्यानं दोघं शेजारी येऊन बसले,
आणि खरं काम तिथनं सुरू झालं.

"ह्ये सत्तेचाळीसावं उचला,
बाराव्याच्या म्होरं ठेवा."

उचला म्हणजे कसं, काका?
इथं पान असं काही नसतंच.
नळाखाली बादल्या लावाव्यात तसं आहे हे,
एक भरली की दुसरी.
तुम्ही म्हणताय बादली उचला,
मला पाणी उचलावं लागतंय.

"पाणी मी उचललंय की वो," निगवेकर म्हणाले,
"चार दिवस. घरातनं.
तुमी बादलीचं बघा."

तारखा लाल शाईत होत्या, त्या विरघळल्या.
मजकूर बॉलपेनचा, तो तगला.
तोड वैजयंतानं काढली: शाडूचा भाव.
पोतं अठरा रुपये, म्हणजे तिचं बारसं,
आणि एका मंडळानं बुडवलेले नऊशे.
नव्वद, म्हणजे प्लास्टर आलं,
शाडूला कुत्रं विचारेना.
अडीचशे, परत विचारायला लागले.
भाव चढेल तशी वर्षं लावत गेलो.
कट, पेस्ट. कट, पेस्ट.
मधेच एखादं शेपूट मागं राहायचं,
"आणि मग तो रडला" एवढंच,
कोण रडला ते पान सापडेना.
दोन दिवस त्या रडणाऱ्याला
मी फायलीच्या तळाशी बसवून ठेवलं.
तिसऱ्या दिवशी लागला:
हातगाडीवाला, मूर्तीचा कान मोडला म्हणून.

एक पान उरलं. भाव सव्वातीन.
अकरा वर्षांचा पोर,
बापाचा हात कापायला लागलेला,
उद्या चतुर्थी,
आणि फळीवर ओळीनं बावीस गणपती,
रंगवून झालेले, आंधळे.
पोरानं ब्रश उचलला.
पुढचं कुणी लिहिलेलं नाही.

"हे तिसरं पान," वैजयंता म्हणाली.
"न्हाई. शेवटाला."
"पण अण्णा, भाव बघा की…"
"डोळं शेवटीच असत्यात," ते म्हणाले,
स्क्रीनकडं न बघता,
"हात साच्यातनं निघत्यात, सोंड वळून लावतुया,
पिवळा, तांबडा, सगळं झाल्याव डोळं.
आधी डोळं काढून कोण बसतंय?"

उचललं, शेवटी नेऊन टाकलं.
तिसऱ्याच्या जागी एक कोरं पान राहिलं,
कुठला तरी ब्रेक मागं अडकलेला.
एका बॅकस्पेसचं काम.
बोट ठेवलंसुद्धा.

"ऱ्हाऊ दे ते," निगवेकर म्हणाले,
"वाळतंय अजून."

पान असं काही नसतंच म्हणणारा मी,
बिल मात्र पानावर करतो, पानाला तीस.
एकशे अठरा धरली.
त्यांनी बोटाला थुंकी लावून सगळी प्रिंट मोजली,
माझ्या हिशेबाचे पैसे दिले,
आणि कोऱ्याचे तीस
वेगळे ठेवले, टेबलाच्या कडेला.